पहिला पगार, पहिली पॉलिसी आणि त्याआधी करायच्या गोष्टी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी २१ वर्षं पगारपत्रकं केली. जानेवारी आला की टेबलावर कागदांचा ढीग पडायचा. विम्याच्या पावत्या, पीपीएफ या सरकारी बचत योजनेच्या पासबुकाच्या झेरॉक्स, गृहकर्जाचे दाखले. करबचतीचं ‘प्रूफ’ द्यायची शेवटची तारीख जवळ आली की गेटबाहेरच्या टपरीवर एजंट मंडळी दिसू लागत. करबचतीला ‘किती कमी पडतंय’ ते कामगारांनी मला विचारायचं आणि तेवढ्या हप्त्याची पॉलिसी घेऊन यायची, असा शिरस्ता होता. चहा निवायच्या आत वीस वर्षांचा करार व्हायचा.

ही माणसं उधळी मुळीच नव्हती. डबा घरून, कपडे दिवाळीला. तरी एकाच्या वडिलांना रविवारी रात्री हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्याच्याकडे तीन पॉलिसी होत्या, मुदतीआधी मोडता येत नाही अशी पाच वर्षांची करबचत ठेव होती, बायकोच्या अंगावर सात तोळे होते, आणि रुग्णालयात भरायला दीड लाख मात्र नव्हते. सोमवारी सकाळी तो ॲडव्हान्सचा अर्ज घेऊन माझ्यासमोर उभा होता.

आपल्याकडच्या नियोजनाचा मूळ दोष मला तिथे दिसला. ‘पैसे कशात घालू?’ हा प्रश्न आपण पहिल्यांदा विचारतो. ‘हे पैसे कोणाला, कधी आणि किती दिवसांत लागतील?’ हा शेवटी, किंवा कधीच नाही. खालच्या पायऱ्या मी या दुसऱ्या प्रश्नाच्या क्रमाने लावल्या आहेत. नुकती नोकरी लागलेल्यांसाठी आहेत. चाळिशीतल्यांनी वाचल्या तरी काही बिघडत नाही.

पायरी १: एक पान, चार रकाने

साधी वही घ्या. पहिल्या रकान्यात जे जे आहे ते: बचत खातं, ठेव, पीएफ, सोनं, पॉलिसी. दुसऱ्यात ‘आज मोडलं तर हातात किती’. पावतीवर छापलेला आकडा इथे चालणार नाही. तिसऱ्यात ‘पैसे हातात यायला किती दिवस’. चौथ्यात ‘कोणाच्या नावावर, वारसनोंद कोणाची’. खाली देणी लिहा, त्यात मोबाईलचा हप्ता आणि मित्राचे उसने दहा हजारही.

गंमत दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यात आहे. दहा लाखांची पॉलिसी दोन वर्षांनी मोडायला गेलात तर भरलेलंही पूर्ण परत येत नाही. फ्लॅट विकायला सहा महिने, कधी वर्ष. तिसऱ्या रकान्यात ‘दोन दिवस’ किंवा त्याहून कमी असं किती ठिकाणी लिहिता आलं ते बघा. बहुतेकांचं पान इथेच रिकामं पडतं.

पायरी २: सहा महिन्यांचा खर्च गाठीला

पगार नव्हे, खर्च. भाडं, किराणा, घरी पाठवायचे पैसे, हप्ते. महिन्याला २५ हजार लागत असतील तर दीड लाख. त्यातले एक-दोन महिन्यांचे पैसे बचत खात्यात आणि बाकीचे कधीही मोडता येतील अशा साध्या ठेवीत. एक मोठी ठेव करण्यापेक्षा २५-२५ हजारांच्या वेगवेगळ्या करा, म्हणजे ३० हजारांसाठी अख्खी मोडावी लागत नाही.

या पैशांवर व्याज कमी मिळतं म्हणून नाक मुरडणारे भेटतील. हे पैसे वाढण्यासाठी ठेवलेलेच नाहीत. आमच्याकडे एक लाईन बंद झाली तेव्हा चाळिशीतली माणसं एका महिन्याच्या नोटिशीवर घरी बसली. ज्यांच्या गाठीला काही होतं त्यांनी चार महिने थांबून बरी नोकरी धरली. बाकीच्यांनी मिळेल ती धरली, कमी पगाराची. अठ्ठावन्न वर्षांपर्यंत पगार दर महिन्याला येत राहणार, हे आपल्या सगळ्या परंपरागत गणितांमागचं न बोललेलं गृहीतक आहे.

पायरी ३: जामीन राहण्याआधी दहा वेळा थांबा

हा विषय गुंतवणुकीच्या लेखांत सहसा नसतो. माझ्या टेबलावर मात्र तो दर महिन्याला असायचा. नोकरी कायम झाली की सहा महिन्यांत कोणीतरी म्हणतं, ‘पतसंस्थेच्या फॉर्मवर सही कर रे, नुसती फॉर्मॅलिटी आहे.’ ती फॉर्मॅलिटी नसते. १८७२च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराने थकवलं की संस्था थेट तुमच्या मागे येऊ शकते. आधी त्याची मालमत्ता विका आणि मग माझ्याकडे या, असं म्हणता येत नाही. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळतो आणि मग पगारावर टाच येते. ‘साहेब, माझ्या स्लिपमध्ये हे चार हजार कसले कापले?’ असं विचारणाऱ्याला, ते दुसऱ्याच्या बुलेटचे आहेत, हे सांगायचं काम माझं होतं.

सख्ख्या भावासाठी राहायचं असेल तर राहा. पण त्या दिवशी वहीतल्या देण्यांमध्ये ती रक्कम पूर्ण लिहा. लिहिताना हात थांबला तर सहीही थांबवा.

पायरी ४: ठेव कुठे आहे ते बघा

‘बँकेत आहे म्हणजे सुरक्षित आहे’ हे अर्धसत्य. ठेव विमा महामंडळाचं संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत आहे. फेब्रुवारी २०२० पर्यंत ते फक्त १ लाख होतं. पीएमसी या सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत मिळून १ हजार रुपये काढायची मुभा होती. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना रद्द झाला. मधल्या काळात लग्नं, बाळंतपणं, आजारपणं थांबली नव्हती.

पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्यातल्या ठेवीला हा ५ लाखांचा विमा लागू नाही. गल्लीतला संचालक ओळखीचा आहे आणि दीड टक्का जास्त व्याज मिळतं, एवढ्यावर वडिलांची ग्रॅच्युइटी तिथे ठेवू नका. नोकरदारांच्या पतसंस्थेत वर्गणी कापली जाते ती ठीक आहे, तिचा कर्जासाठी उपयोग होतो. साठवणीची जागा मात्र वेगळी हवी. भिशीचंही तसंच. दहा मैत्रिणींची भिशी ही शिस्त आहे, तिला गुंतवणूक म्हणू नका.

व्याजाचं गणितही एकदा करा. साडेसहा टक्क्यांच्या ठेवीवर, ३० टक्क्यांच्या कर-टप्प्यातल्या माणसाच्या हातात उपकरासह कर वजा जाता साडेचार टक्क्यांच्या आसपास उरतात. महागाई पाच टक्के असेल तर पैसे वाढताना दिसतात आणि घटत असतात. आज २० लाखांत होणारं शिक्षण याच दराने २० वर्षांनी ५३ लाखांना पडेल. दोन-तीन वर्षांत लागणाऱ्या पैशाला ठेवच बरी. वीस वर्षांच्या पैशाला ती झिजवते.

पायरी ५: आजारपण आणि मृत्यू, वेगवेगळ्या कागदांवर

कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो. म्हणून तरुणपणीच स्वतःची वेगळी आरोग्य पॉलिसी घ्या. आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३६ महिन्यांची प्रतीक्षा असते. ती धडधाकट असताना उलटून गेलेली बरी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यांवरचा जीएसटीही गेला आहे. आई-वडिलांची पॉलिसी वेगळी काढा, स्वतःच्यात त्यांना घालू नका; सर्वांत मोठ्या वयावर हप्ता ठरतो. मधुमेह, रक्तदाब जे असेल ते फॉर्मवर लिहा. एजंट ‘लिहू नका, उगाच अडकेल’ म्हणाला तर एजंट बदला, कारण दावा नाकारला जाईल तेव्हा तो फोन उचलणार नाही.

आपल्या नियोजनाच्या तक्त्यात ‘मुलीचं लग्न’ असतं, ‘मुलाचं शिक्षण’ असतं. ‘आईचं म्हातारपण’ हा रकाना मी एकाही एजंटाच्या कागदावर पाहिला नाही. खर्च मात्र सगळ्यांच्या आधी तोच येतो.

आयुर्विमा कोणाला हवा? तुमच्या पगारावर कोणी जगत असेल तर. नसेल तर आज नको. हवा असेल तर टर्म प्लॅन: तुम्ही गेलात तर घरच्यांना रक्कम, नाही गेलात तर काही नाही. ‘मग पैसे वाया गेले की!’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. बुलेटचा विमा काढतो तेव्हा अपघात झाला नाही म्हणून कोणी हळहळत नाही. वार्षिक उत्पन्नाच्या दहा-पंधरा पट, निवृत्तीच्या वयापर्यंत. लग्न झालेल्या पुरुषांनी पॉलिसी घेतानाच १८७४च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखालचा फॉर्म भरून द्यावा. मग ती रक्कम बायको-मुलांसाठी राखीव होते आणि तुमच्या सावकारांना तिला हात लावता येत नाही. धंदा करणाऱ्यांनी तर चुकवूच नये.

शिवाय पीएफ खातं असेल तर ईडीएलआय नावाचा विमा तुम्हाला आपोआप असतो. नोकरीत असताना मृत्यू झाल्यास कमाल ७ लाख मिळतात. हप्ता मालक भरतो. घरच्यांना हे माहीत नसतं म्हणून दावाच केला जात नाही, असं मी स्वतः पाहिलं आहे.

पायरी ६: विमा अधिक बचत, म्हणजे नक्की किती?

आता तो टपरीवरचा करार. वर्षाला ५० हजार, २० वर्षं, शेवटी सुमारे १७ लाख ३६ हजार असं धरा. एजंट सांगतो: ‘दहा लाख भरायचे, सतरा लाख घ्यायचे.’ ऐकायला दुपटीजवळ. हाच व्यवहार व्याजदराच्या भाषेत मांडला तर परतावा वर्षाला ५ टक्के येतो. तेच ५० हजार दरवर्षी पीपीएफमध्ये गेले असते (१५ वर्षं आणि पाच वर्षांची मुदतवाढ) तर सध्याच्या ७.१ टक्के दराने २२ लाख १९ हजारांच्या घरात झाले असते. दर बदलू शकतो, एप्रिल २०२० पासून मात्र तो तोच आहे.

आणि विमा? अशा पॉलिसीत कवच असतं दहा लाखांच्या आसपास. महिना ४० हजार पगार असलेल्या घराला ते २५ महिने पुरतं. म्हणजे बचतही अर्धी आणि विमाही अर्धा. या पॉलिसी विकल्या जातात, कारण पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला चांगला मोठा वाटा कमिशनला जातो. टर्म प्लॅनचा हप्ताच लहान, म्हणून कमिशनही लहान. फुकट मिळणाऱ्या सल्ल्याची किंमत अशी वसूल होते. पैसे देऊन सल्ला हवा असेल तर शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीकडे नोंदणी असलेला गुंतवणूक सल्लागार गाठा. त्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो, आणि फी त्याला तुम्ही देता.

राहिला करबचतीचा मुद्दा. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती निवडावी लागते. नव्या प्रणालीत विमा-पीपीएफवर मिळणारी, ८०सी म्हणून सगळ्यांना पाठ असलेली वजावट नाही. २०२५-२६ पासून नुसता पगार असलेल्याला १२ लाख ७५ हजारांपर्यंत करच लागत नाही. पहिल्या नोकरीतल्या बहुतेकांचा पगार याच्या आत असतो. तरीही जानेवारीत ‘टॅक्स वाचवायला’ पॉलिसी घेतली जाते, ती आता निव्वळ सवयीने.

घेऊन बसला असाल तर? नवी असेल आणि कागद हातात येऊन ३० दिवस झाले नसतील तर परत करा; हा तुमचा हक्क आहे. जुनी असेल तर कंपनीकडून लेखी तीन आकडे मागा: आज सोडली तर किती, हप्ते थांबवून ‘पेड-अप’ केली तर शेवटी किती, चालू ठेवली तर शेवटी किती. आतापर्यंत भरलेले विसरा, ते गेले. पुढच्या हप्त्यांवर काय मिळतं एवढंच बघा. दोन-तीन वर्षं उरलेली पॉलिसी पुष्कळदा चालू ठेवणंच परवडतं; दोन वर्षं झालेली सहसा नाही. टर्म प्लॅन मंजूर होईपर्यंत मात्र जुनी सोडू नका.

पायरी ७: सोनं

थोडक्यात. लग्नाचा दागिना हा दागिना आहे, हौस आहे, करावा. गुंतवणूक म्हणून धरताना मजुरी आणि ३ टक्के जीएसटी विकताना परत येत नाहीत, हे वहीच्या दुसऱ्या रकान्यात दिसू द्या. सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (दागिन्यावरचा हॉलमार्कचा ओळख क्रमांक) असलेलंच घ्या. एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. सोन्याचं खरं मोल अडचणीत कळतं, रात्रीत तारण ठेवता येतं. आपल्या आज्या या बाबतीत आपल्यापेक्षा हुशार होत्या.

पायरी ८: फ्लॅट, पण कधी?

‘भाडं म्हणजे पाण्यात, हप्ता म्हणजे आपल्या घरात.’ बघू या. ५० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं: हप्ता ४३ हजार ३९१. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले ३५ हजार ४१७ नुसतं व्याज. मुद्दल फिटतं ८ हजारांहूनही कमी. एकूण फेड १ कोटी ४ लाखांच्या वर. माझ्या परिसरात ६० लाखांच्या फ्लॅटला १५ हजारांच्या आसपास भाडं येतं, म्हणजे किमतीच्या ३ टक्के. खरेदीच्या वेळी मुद्रांक शुल्काचे मोठ्या शहरांत साधारण सहा-सात टक्के वेगळे.

घर घेऊ नका असं मी म्हणत नाही. मी घेतलं, आणि त्या घरात राहण्याचं सुख भाड्याच्या गणितात बसत नाही. पण तेविसाव्या वर्षी, नोकरी कुठल्या शहरात असेल हे माहीत नसताना, बापाच्या पीएफमधून डाऊन पेमेंट करून घेतलेला फ्लॅट पायात बेडी होतो. पुण्यातली बरी ऑफर नाशिकच्या हप्त्यामुळे सोडलेली मुलं मी पाहिली आहेत. घ्यायचंच तेव्हा महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून ताबा कधी दाखवलाय ते वाचा, आणि सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या ३५-४० टक्क्यांवर जाऊ देऊ नका. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड नाही. वर्षाला एक जादा हप्ता भरत गेलात तर वरचं कर्ज सुमारे साडेतीन वर्षं आधी संपतं. बोनस त्यासाठी वापरा.

पायरी ९: लांबचा पैसा

पहिली गोष्ट: नोकरी बदलताना पीएफ काढू नका, वर्ग करा. पंचविसाव्या वर्षीचे २ लाख, ८ टक्के धरले तरी अठ्ठावन्नाव्या वर्षी २५ लाखांच्या वर जातात. ते काढून आयफोन घेतलेले मला नावानिशी आठवतात. पाच वर्षांच्या सलग नोकरीआधी काढले तर करही लागतो.

दुसरी: सात-दहा वर्षांनंतर लागणाऱ्या पैशासाठी शेअर बाजार, आणि नवख्याने निफ्टी ५० चा साधा इंडेक्स फंड घ्यावा, म्हणजे निफ्टीतल्या ५० मोठ्या कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणारा म्युच्युअल फंड. नावात ‘डायरेक्ट’ आहे का ते बघा. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला हा बिनदलालीचा प्रकार आहे. दलालीत वर्षाला एक टक्का गेला तरी काहीच नाही, असं वाटतं. महिना १० हजार, २५ वर्षं: १० टक्क्यांनी १ कोटी ३३ लाख, ११ टक्क्यांनी १ कोटी ५८ लाख.

इथे आधुनिक नियोजनकारांचाही कान धरायला हवा. त्यांच्या तक्त्यात दरवर्षी १२ टक्के अशी सरळ चढती रेघ असते. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर होता, मार्च २००९ मध्ये ८,२०० च्या आसपास. २१ हजारांचा उंबरठा पक्का ओलांडायला २०१४ उजाडलं. २००९ च्या जूनमध्ये ज्याला मुलीची इंजिनीअरिंगची फी भरायची होती त्याला पुढची सरासरी काय कामाची? म्हणून प्रत्येक एसआयपीला (दर महिन्याच्या ठरावीक गुंतवणुकीला) तारीख आणि नाव द्या. तारीख तीन वर्षांवर आली की तो पैसा हळूहळू बाजारातून काढून ठेवीत आणा, बाजार कितीही तेजीत असो.

तिसरी: पीपीएफचे पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा. ५ तारीख ते महिनाअखेर यांतल्या किमान शिलकेवर व्याज मिळतं, सहा तारखेला भरलेल्याचं त्या महिन्याचं जातं. आणि बचतीसाठी खात्यातून होणाऱ्या सगळ्या कपाती पगाराच्या दुसऱ्या दिवशी लावा. उरलं तर साठवू म्हटलं की उरत नाही.

पायरी १०: कागद

वहीचा चौथा रकाना भरा. पीएफची ऑनलाईन वारसनोंद लग्नानंतर नव्याने करावी लागते. आधीची रद्द होते. बँक खात्याला नोव्हेंबर २०२५ पासून चार नावं देता येतात. पण नामनिर्देशित माणूस मालक होतो असं नाही. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे स्पष्ट केलं: तो पैसे स्वीकारतो, वाटणी वारसाहक्काप्रमाणेच होते. भावाभावांतला पहिला कोर्टाचा खर्च बहुधा या गैरसमजातून होतो. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टँप पेपर लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात, आणि त्यांतला कोणी लाभार्थी नसावा.

दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. ‘उद्गम’ पोर्टलवर २०२३ पासून त्या शोधता येतात. एकदा वडिलांचं आणि आजोबांचं नाव टाकून बघा. आमच्या सासऱ्यांच्या १९९४ सालच्या एका ठेवीचे चौदा हजार आणि त्यावरचं व्याज तसंच सापडलं. बँकेच्या शाखेत चार खेपा झाल्या, पण मिळालं.

मग ती वही, पॉलिसीचे कागद, टर्म प्लॅनचा क्रमांक हे सगळं एका फाईलमध्ये घाला आणि फाईल कुठे आहे ते घरातल्या दोघांना सांगा. पासवर्ड त्यात लिहू नका. ते बंद पाकिटात, वेगळ्या जागी. आमची फाईल शिवणयंत्राच्या खणात असते. जानेवारीत एकदा ती बाहेर काढायची, आकडे नव्याने लिहायचे आणि परत ठेवायची. अर्धा तास लागतो.